लग्नपत्रिकांच्या दुकानाचं वेब पान: एकदा एडिटरात, एकदा हाताने

७ जुलै २०२५, सोमवार

काल आषाढी एकादशी झाली. आता तुळशीच्या लग्नापर्यंत पत्रिकांचं काम जवळजवळ बंद, आणि गणपतीच्या वर्गणी पावत्या सुरू व्हायला अजून वेळ आहे. शाहापुरातलं आमचं डीटीपी आणि स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान या दिवसांत माशा मारतं. बाहेर बेळगावचा पाऊस, आत मी. म्हणून दुकानाच्या वेब पानाचं काम आत्ताच काढलं.

हवं एवढंच: पत्रिकांचे चाळीस नमुने, दर, व्हॉट्सअ‍ॅपवर विचारणा करायची सोय, दुकानाचा पत्ता. मराठीत एक पान, कन्नडमध्ये एक. आमचं निम्मं गिऱ्हाईक खानापूर, निपाणी, चंदगडकडचं, निम्मं बैलहोंगल, गोकाककडचं. दोन्ही भाषा नसतील तर पान केलं काय, नाही केलं काय.

भाची बीसीएच्या पहिल्या वर्षाला आहे. ती म्हणते, हाताने लिहा, म्हणजे पानाचा कोड (एचटीएमएल) स्वतः टाइप करा. मी १९९७ला पेजमेकर शिकलो, मग कोरलड्रॉवर आयुष्य गेलं. मला डोळ्यांनी बघून मांडायची सवय. मी म्हणालो, ओढून-टाकायचा एडिटर घेऊ. वाद मिटेना. शेवटी ठरलं की तेच पान दोन्ही पद्धतींनी करायचं. एडिटर माझ्याकडे. हाताने लिहायचं ते आमच्या टायपिंगच्या वहिनींकडे, ज्यांनी आजवर कोडची एक ओळ पाहिलेली नाही. भाचीने कुणाचंही काम स्वतः करायचं नाही, अडलं तर सांगायचं. वेळ वहीत लिहायचा.

हे वाचून कुणी असलंच काम काढणार असेल, तर आमच्या चुका त्याच्या वाट्याला येऊ नयेत एवढ्यासाठी या नोंदी.

८ जुलै, मंगळवार

फुकटातला एक एडिटर उघडला. नाव लिहीत नाही. संध्याकाळी सातला बसलो, साडेनऊला मुखपृष्ठ तयार. वर गणपती, खाली दुकानाचं नाव, मग नमुन्यांची चौकट. फोटो नुसते ओढून टाकले की रांगेत बसतात, बोट ठेवलं की मोठे होतात. विचारणेचा फॉर्म वीस मिनिटांत. नकाशा पाच मिनिटांत. चुकलं की मागे घ्यायचं बटण आहेच. कोरलमध्ये बसल्यासारखंच वाटलं.

भाचीला दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे ओ मामा. फोनवर बघितलासा?"

बघितलं नव्हतं.

९ जुलै, बुधवार

फोनवर गणपती दुकानाच्या नावावर बसला होता आणि दराचं कोष्टक स्क्रीनच्या उजवीकडे अर्धं बाहेर. बोटाने आडवं सरकवल्याशिवाय रुपयाचा आकडा दिसेना.

कारण शोधायला दीड तास गेला, आणि कारण मीच होतो. एडिटरने सुरुवातीला तयार साचे दाखवले होते. ते मला भडक वाटले, म्हणून मी कोरं पान घेतलं. त्याने रुंदी विचारली. मी सवयीने ए-फोर सांगितली. स्क्रीनच्या हिशेबात ए-फोर म्हणजे ७९४ पिक्सेल रुंद. मग प्रत्येक चौकट मी कागदावर ठेवावी तशी मोजून ठेवली: डावीकडून इतकं, वरून इतकं.

आमच्या धंद्यात कागद आधी ठरतो. गिऱ्हाईक दारात आलं की पहिला प्रश्न साइज काय, दुसरा कागद कुठला, मजकूर त्यानंतर. मजकूर जास्त झाला तर टाइप बारीक करायचा, नाहीतर काकांचं नाव गाळायचं (त्यावरून झालेली भांडणं वेगळी). वेब पानाला कागदच नाही. बघणाऱ्याच्या हातात जेवढी काच असेल तेवढं पान. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी कळलं नसतं. एडिटरमध्ये ते कळायचं कारणही नव्हतं, कारण तो मला हवा तसा कागद समोर धरून बसला होता.

११ जुलै, शुक्रवार

एडिटरात फोनसाठी वेगळं दृश्य आहे. त्यात जाऊन सगळं परत मांडलं. दराचं कोष्टक फोनवर बसेचना, म्हणून एक युक्ती केली: फोनसाठी दराची दुसरी छोटी चौकट बनवली, मोठीला "फोनवर लपव" आणि छोटीला "संगणकावर लपव" लावलं. दिसायला एकदम नीट.

संध्याकाळी कागदाचा भाव बघून साध्या पत्रिकेचा दर १८चा २२ केला. मेहुण्याला बघायला सांगितलं. त्याचा फोन आला: "अठरानेच देणार काय मलाही?" मी एकाच चौकटीत बदललं होतं. दुसरीत जुना दर तसाच.

ही युक्ती करू नका. एकच गोष्ट पानावर दोन ठिकाणी लिहिली की एक दिवस ती दोन गोष्टी होतात.

दोन दिवसांत सहा तास गेले. शेवटी ते पान पुसून तयार साचा घेतला, आपोआप फोनला जुळणारा. तो आधीच घ्यायला हवा होता. नवशिक्याने एडिटर घेतला तर कोऱ्या पानाच्या वाटेला जाऊ नये, एवढं मी आता खात्रीने सांगतो.

१४ जुलै, सोमवार

आज वहिनींची बाजू सुरू. दुकानातलं मशीन जुनं, विंडोज ७. बदलता येत नाही, कारण लिपीच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (मागे लावायची किल्ली, तिच्याशिवाय ते चालत नाही) आणि जुनं कोरल त्याच्यावरच चालतं. त्यावर नोटपॅड आहे, तेवढं पुरे असं भाची म्हणाली.

पहिली अडचण: फाइल ब्राउझरमध्ये उघडेना, उघडली की कोडच दिसे. नाव "इंडेक्स डॉट एचटीएमएल" दिलं होतं, पण नोटपॅडने मागे "डॉट टीएक्सटी" चिकटवलं होतं आणि विंडोज शेपूट लपवून ठेवतं. फोल्डरच्या सेटिंगमध्ये जाऊन शेपट्या दिसतील असं करा. हे पहिलं काम, कोडच्याही आधी.

दुसरी अडचण मी केली. वहिनी चहाला गेल्या, मी म्हटलं बघू तरी. एक शब्द बदलला, सेव्ह केलं, एक इशारा आला, न वाचता ओके दाबलं. फाइल परत उघडली तर सगळं मराठी म्हणजे प्रश्नचिन्हांच्या रांगा. या विंडोजमधला नोटपॅड नवी फाइल आपण सांगितलं नाही तर एएनएसआय पद्धतीने साठवतो, आणि त्यात देवनागरी मावत नाही. इशारा तोच होता. वहिनींनी सकाळपासून टाइप केलेला मजकूर गेला, दोन तासांचा. प्रश्नचिन्हांतून परत काहीही मिळत नाही, प्रयत्न करू नका.

वहिनी काही बोलल्या नाहीत. भाची बोलली.

उपाय: "सेव्ह अ‍ॅज"मध्ये खाली एन्कोडिंगचा रकाना असतो, तिथे यूटीएफ-८ निवडायचं, त्यात सगळ्या लिप्या मावतात. शिवाय पानाच्या डोक्यात, हेडमध्ये, मेटा चारसेट यूटीएफ-८ ही ओळ हवीच. फाइल एका पद्धतीने साठवलेली आणि ओळ दुसरंच सांगणारी, असं झालं तर अक्षरांचा चिवडा होतो. नव्या विंडोजवर नोटपॅड आपणहून यूटीएफ-८ धरतो, त्यामुळे नव्या मशीनवाल्यांना हा ताप नाही.

१५ जुलै, मंगळवार

वहिनींचं पान आज पहिल्यांदा फोनवर उघडलं. अक्षरं मुंगीएवढी. मी मनात खूश झालो, खोटं कशाला सांगू. पण भाचीने त्यांना एक ओळ सांगितली, व्ह्यूपोर्टची. ती नसेल तर फोन असं धरून चालतो की पान मोठ्या स्क्रीनसाठी आहे. मग साधारण ९८० पिक्सेल रुंदी कल्पून सगळं आकसून दाखवतो. ओळ टाकली, पान ताजं केलं, आणि मजकूर फोनच्या रुंदीत येऊन बसला. ओळी आपोआप मोडल्या. माझे सहा तास, वहिनींची एक ओळ.

त्यांनी कुठेही रुंदी लिहिलीच नव्हती. लिहायची असते हे त्यांना माहीत नव्हतं, म्हणून चूक झाली नाही. पान दिसायला मात्र अगदी सरकारी परिपत्रक: पांढऱ्यावर काळं, निळ्या लिंका.

१८ जुलै, शुक्रवार

मजकुराचा दिवस. आमच्याकडे वीस वर्षांचा मजकूर जुन्या फाँटमध्ये आहे. हे फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठीचे तुकडे बसवतात. ज्याच्या मशीनवर तो फाँट नाही त्याला इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. वेब पानाला युनिकोडच लागतं, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असलेली पद्धत, एडिटर असो की नोटपॅड.

रूपांतराचं साधन वापरलं. पंचाण्णव टक्के बरोबर येतं, आणि उरलेलं पाच टक्के लग्नपत्रिकेत नेमकं कपाळावर येतं. "वऱ्हाडी मंडळी"चं "वर्हाडी" झालं, "दुसऱ्या"चं "दुसर्या". आडव्या रची, म्हणजे नुक्त्याच्या ऱला हलन्त जोडायची, त्या साधनाला जाणच नाही. "चि. सौ. कां."मधला अनुस्वार एके ठिकाणी उडाला. वहिनींनी छापील प्रूफ काढून लाल पेनाने तपासलं, पंचवीस चुका मिळाल्या. मी माझ्या एडिटरात तोच तपासलेला मजकूर चिकटवला, त्यामुळे हे श्रम मला फुकट मिळाले. हिशेबात ते दोघांत वाटले आहेत.

टायपिंगबद्दल: वहिनींचा हात रेमिंग्टनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीवर. युनिकोडमध्येही रेमिंग्टनची मांडणी मिळते, इनस्क्रिप्ट ही सरकारी मांडणी शिकायची सक्ती नाही. हे आधी तपासा, नाहीतर चांगला टायपिस्ट हातातला वेग जाईल या भीतीने पळून जातो.

२१ जुलै, सोमवार

फोटो. दोन्ही बाजूंना सारखाच त्रास.

पत्रिकांच्या फाइली छपाईच्या: ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), पाच बाय सात इंच, म्हणजे १५०० बाय २१०० पिक्सेल, आणि रंग सीएमवायके, छपाईच्या चार शायांचे. तशाच जेपेग करून टाकल्या तर एका ब्राउझरमध्ये कुंकवाचा लाल विटकरी दिसला. आरजीबी, म्हणजे स्क्रीनचे रंग, करून परत काढल्या. लांब बाजू १००० पिक्सेल केली, फाइल साडेतीन एमबीवरून सव्वाशे केबीच्या आसपास आली. डीपीआयचा आकडा इथे कुणी विचारत नाही, पिक्सेल किती ते बघतात. मला हे पटायला वेळ लागला.

दुसरं, फार महत्त्वाचं. नमुने खऱ्या लग्नांचे. त्यावर नावं, पत्ते, मामांचे मोबाइल नंबर. भाची म्हणाली, "हे जगाला दाखवणार काय?" दुकानात अल्बम ठेवणं वेगळं आणि हे वेगळं. सगळ्या चाळीस पत्रिकांवर वराच्या जागी "चि. वर" आणि वधूच्या जागी "चि. सौ. कां. वधू" घातलं, नंबर पुसले. एक अख्खा दिवस गेला. आपल्या धंद्यात कुणी करत असेल तर हे काम वेळापत्रकात आधीच धरा.

२३ जुलै, बुधवार

वहिनींच्या पानावरचं दराचं अर्धं कोष्टक गायब. फाइलमध्ये आहे, पानावर नाही. ब्राउझर तक्रारही करत नाही. कोरल निदान एरर देऊन बंद पडतं. ब्राउझर मात्र सोसून घेतो, जेवढं जमेल तेवढं दाखवतो आणि गप्प बसतो.

मी म्हणालो, बघा, हाताने लिहिल्याचा हा परिणाम. वहिनींनी पूर्ण फाइल छापून घेतली, चार पानं, आणि पट्टी ठेवून ओळीओळीने वाचायला बसल्या. वीस मिनिटांत बोट ठेवलं: व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकमध्ये पत्ता सुरू होताना अवतरणचिन्ह आहे, संपताना नाही. पुढचं अवतरणचिन्ह येईपर्यंतचं सगळं ब्राउझरने पत्त्यातच गिळलं होतं.

नंतर भाचीने डब्ल्यूथ्रीसीचा (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) व्हॅलिडेटर, म्हणजे कोड तपासायचं पान, दाखवलं. पानाचा कोड तिथे चिकटवला की तो चुकीच्या ओळीचा नंबर सांगतो. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. "वहिनींना सापडतंय काय ते बघत होते."

त्याच लिंकमध्ये दुसरी चूक: नंबरच्या आधी शून्य. व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकला ९१ आणि लगेच दहा आकडे लागतात. अधिकचं चिन्ह, शून्य, मधली रेघ, काही चालत नाही.

अवतरणचिन्हांचा आणखी एक सापळा. भाचीने व्हॉट्सअ‍ॅपवर कोड पाठवला होता, तो वाटेत कुठेतरी दुसऱ्या अ‍ॅपमधून गेला आणि सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, छापील झाली. डोळ्यांना सुंदर, ब्राउझरला अर्थहीन. कोड नेहमी फाइल म्हणून पाठवा.

२६ जुलै, शनिवार

एडिटरकडे परत. तयार साचा इंग्रजीसाठी बनवलेला. मथळ्याला अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं होतं, इंग्रजीत ते झोकदार दिसतं. मराठीत शिरोरेघ तुटली. "शुभविवाह"चे तुकडे झाले, जणू कात्रीने कापलेत. अंतर शून्य केलं. ओळींमधली जागा कमी, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत घुसले. तेही वाढवलं, अक्षराच्या दीडपट ठेवलं. हे सगळं एडिटरात बटणांनी झालं, तक्रार नाही.

तक्रार "ल" आणि "श"ची. पानावर दोन्ही हिंदी वळणाचे येत होते. बाकी कुणाला खुपणार नाही, पण ज्याने जन्मभर पत्रिका छापल्या त्याला "लग्न"मधला ल परका दिसला की जेवण जात नाही. वहिनींच्या पानावर मात्र मराठी वळणाचे. फाँट दोघांचा एकच, नोटो सान्स देवनागरी. भाचीने फरक दाखवला: वहिनींच्या पानात पहिल्याच टॅगमध्ये (कोडमधल्या कोनी कंसातल्या खुणेत) भाषा मराठी, म्हणजे "एमआर" अशी सांगितलेली आहे. फाँटमध्ये दोन्ही वळणं असली तर ब्राउझर त्यावरून मराठी वळण उचलतो. माझ्या साच्यात भाषा इंग्रजी. बदलायची जागा शोधली, फुकटच्या योजनेत सापडली नाही.

इथे मी पहिल्यांदा हललो. एवढीशी दोन अक्षरं, आणि मला तिथपर्यंत हात पोचवता येईना.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. दुकान बंद.

२ ऑगस्ट, शनिवार

कन्नड पान. शेजारच्या अण्णांनी मजकूर दिला, तो जुन्या नुडी फाँटमधला. परत रूपांतर, परत प्रूफ. या वेळी प्रूफ अण्णांनी वाचलं, आम्हाला कन्नड वाचता येतं पण ओत्ताक्षरांची (कन्नड जोडाक्षरांची) चूक पकडण्याइतकं नाही. त्यांनी एक शब्दही बदलायला लावला. "मराठीतून उचललाय तुम्ही, आम्ही पत्रिकेत असं लिहीत नाही." वीस वर्षं शेजारी राहून हे आज कळलं.

वहिनींनी मराठी पानाची प्रत काढली, मजकूर बदलला, भाषेचा कोड "केएन" केला, फाँट नोटो सान्स कन्नड लावला. पन्नास मिनिटं. मी एडिटरात पान डुप्लिकेट केलं, सव्वा तास. फार फरक नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार

वहिनींचं पान जगासमोर. भाची आधी गिटहब पेजेस म्हणत होती, पान ठेवायची ती फुकट जागा आहे. पण त्याच्या नियमांत लिहिलंय की ऑनलाइन धंदा चालवायला फुकटची जागा म्हणून ते वापरायचं नाही. आमचं पान त्यात मोडतं की नाही यावर वाद घालण्यापेक्षा छोटं होस्टिंग, म्हणजे सर्व्हरवर भाड्याची जागा, घेतलं.

चढवलं आणि चाळीसपैकी अकरा फोटो दिसेनात. आमच्या मशीनवर सगळे दिसत होते. विंडोजला कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं एकच वाटतात, लिनक्स सर्व्हरला नाही. फाइलच्या शेवटी कॅमेऱ्याने मोठ्या लिपीत "जेपीजी" लिहिलेलं, कोडमध्ये लहान. शिवाय माझी नावं: "पत्रिका १२ फायनल", "पत्रिका १२ फायनल नवी", "पत्रिका १२ खरी फायनल". वहिनींनी सगळ्यांना नुसते आकडे दिले, इंग्रजी लहान लिपीत, मधे जागा न सोडता. दोन फोटोंचा पत्ता तर थेट आमच्या सी ड्राइव्हचा होता. तो मी घातला होता, मधल्या एका दुपारी.

एडिटरला हा प्रश्न आलाच नाही. तिथे फोटो त्यांच्याकडेच चढतो, नाव तेच ठेवतात. ही त्याची खरी सोय आहे, नाकारून चालणार नाही.

१० ऑगस्ट, रविवार

पाहुण्यांकडे खानापूरकडच्या जांबोटीला गेलो होतो. नेटवर्क म्हणजे दारात एक कांडी, माजघरात काही नाही. दारात उभा राहून दोन्ही पानं उघडली. वहिनींचं चार-पाच सेकंदांत वाचता आलं, फोटो सावकाश येत राहिले. माझं चाळीस सेकंद पांढरं, मग आधी त्या कंपनीची जाहिरातपट्टी, मग गणपती. घरी येऊन मोजलं: वहिनींच्या पानाचा कोड ११ केबी. माझं पान फोटो सोडूनही दीड एमबीच्या वर, कारण सरकत्या चित्रांपासून ऑनलाइन खरेदीच्या टोपलीपर्यंत न वापरलेली यंत्रणाही सोबत येते.

आमचं गिऱ्हाईक जांबोटीचंच आहे. टिळकवाडीत वायफायवर बसलेला माणूस दुकानात चालत येतो.

११ ऑगस्ट, सोमवार

हिशेब. एडिटर: माझे २९ तास, त्यातले निम्मे कोऱ्या पानाच्या खटाटोपात. पैसे शून्य, पण जाहिरातपट्टी काढायची आणि स्वतःचं नाव लावायचं तर महिन्याला अडीचशे. पान तिथून उचलून दुसरीकडे न्यायची सोय नाही. पैसे थांबवले की पान थांबलं.

हाताने: वहिनींचे ३४ तास, त्यातले दोन माझ्यामुळे. डॉट इन नाव वर्षाला ६४९, होस्टिंग वर्षाला ९००. फाइली आपल्या, पेन ड्राइव्हवर मावतात.

सुरुवात एडिटरात फार लवकर होते. पहिल्या संध्याकाळी दाखवायला काहीतरी असतं, आणि नवशिक्याला तेवढ्याने हुरूप येतो. वहिनींच्या पहिल्या आठवड्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं, घरी यजमानांनी विचारलं तेव्हा त्या नोटपॅड दाखवून गप्प बसल्या.

पण नवशिके सगळे एका जातीचे नसतात, हे मला या महिन्याभरात दिसलं. मी बघून मांडणारा, माझ्या डोक्यात कागद. एडिटरने तो कागद काढून घेतला नाही, उलट जपला, आणि मी त्यातच अडकलो. वहिनी प्रूफ वाचणाऱ्या. एक टिंब राहिलं तर लग्नाची तारीख बदलते हे त्यांना ठाऊक. उघडलेला टॅग बंद करायचा, हे त्यांना कुणी दोनदा सांगावं लागलं नाही. भाचीचं म्हणणं वेगळं: माझ्यासारख्यालाच आधी दोन दिवस हाताने लिहायला लावायचं, मग खुशाल एडिटर द्यायचा. असेल. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०मध्ये केलेल्या पहिल्या ब्राउझरमध्ये बघणं आणि लिहिणं एकाच खिडकीत होतं, असं तीच सांगत होती. म्हणजे ज्याने वेब काढलं त्यालाही टॅग टाइप करत बसायची हौस नसावी.

वहिनींचं पान ठेवलं. माझं बंद केलं, फक्त नमुन्यांच्या मांडणीची कल्पना उचलली: फोनवर शेजारी-शेजारी दोन, संगणकावर चार. भाचीने सीएसएसच्या, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या कोडच्या, तीन ओळी सांगितल्या. बोट ठेवल्यावर फोटो मोठा होणं जमलं नाही. सध्या मोठा फोटो वेगळा उघडतो आणि मागे यावं लागतं. फॉर्मही नाही, फॉर्म घ्यायला सर्व्हरवर काहीतरी लागतं. व्हॉट्सअ‍ॅपची लिंक आहे, आणि लोक तीच दाबतात.

१८ ऑगस्ट, सोमवार

वर्गणी पावत्यांची गर्दी. दर बदलले. वहिनींनी स्वतः बदलून चढवले, सात मिनिटं. फोनवर जुनेच दिसत होते म्हणून घाबरलो. ब्राउझरने जुनी प्रत साठवून ठेवलेली असते. संगणकावर कंट्रोल आणि एफ-५ दाबायचं, फोनवर खाजगी खिडकीत उघडून बघायचं.

चढवण्याआधी जुन्या फाइलची तारीख घालून प्रत ठेवायची, हा नियम आज केला. एका पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह वहिनींच्या पर्समध्ये.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणेश चतुर्थी. मंडळांची मुलं दारात उभी, पावती पुस्तकांना नंबर मारायचं मशीन दुपारी अडकलं. त्यात चंदगडच्या एकांचा मेसेज: पानावरच्या सतरा नंबरच्या पत्रिकेचा स्क्रीनशॉट, "हीच पाहिजे, मार्गशीर्षात लग्न आहे, दोनशे." पानावरून आलेली पहिली ऑर्डर. सतरा नंबरच्या दरात मला एक शंका आली, म्हणून फाइल उघडली. दराच्या कोष्टकाच्या वर एक टिप्पणी होती. ब्राउझर टिप्पण्या दाखवत नाही, त्यामुळे पानावर ती कुणाला दिसत नाही. वहिनींनी पूर्ण मराठीत लिहिली होती: "दर इथून खाली. भावजींनी हात लावू नये, आधी विचारावे."

विचारलं. दर बरोबर होता.

राहिलेलं काम: कन्नड पानावर पावत्यांचे दर, आणि अण्णांनी सांगितलेला दुसरा एक शब्द.